क्लीनरच्या जागेवर कॅमेरा

पूर्वी लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये डावीकडं क्लीनर बसायचा. पोरसवदा, ग्रीसनं काळा पडलेला टीशर्ट, मागच्या खिशात कंगवा. डावा आरसा त्याच्या ताब्यात. अरुंद वळण आलं की खिडकीतून अर्धा बाहेर येऊन पत्र्यावर थापा मारत 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडायचं. चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागं दगड लावायचा, टायर ठोकून हवा पाहायची, चहा आणायचा. आणि रात्री तीन-चारच्या सुमारास उस्तादाशी, म्हणजे ड्रायव्हरशी, बोलत राहायचं, कशाबद्दलही. हे शेवटचं काम कुठल्या कागदावर नव्हतं. पण गाडी जागेवर पोचायची ती बरीचशी त्या बडबडीवर.

आता बऱ्याच गाड्यांतली ती सीट रिकामी असते. तिच्यावर पांघरुणाची वळकटी, पाण्याचा कॅन आणि बिल्टीची, म्हणजे मालाच्या कागदांची, फाइल. क्लीनरचा पगार आणि खुराकी वाचली, मालकाचा हिशेब जमला. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलनाच्या दंडासोबतची एक मागणी 'क्लीनरची सक्ती रद्द करा' अशीच होती. आणि क्लीनर गेला त्याच सुमारास काचेवर, आरशाजवळ, एक काळी डबी आली. दोन भिंगांची. एक रस्त्याकडं बघतं, दुसरं ड्रायव्हरच्या तोंडाकडं.

मला ही डबी माहीत आहे ती पलीकडच्या बाजूनं. चाकणजवळच्या एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी रात्रपाळीला बसायचे, 'कंट्रोल रूम' म्हणत त्या खोलीत. खोली म्हणजे चार टेबलं, एक घरघरणारा एसी आणि भिंतीवर मोठा नकाशा, ज्यावर हिरवे-लाल ठिपके मुंगीच्या गतीनं सरकत असायचे. माझ्या टेबलावर यायच्या त्या आतल्या भिंगाच्या क्लिपा. डबीत इन्फ्रारेड दिवे असतात, ते डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळं केबिनमध्ये मिट्ट अंधार असला तरी आम्हाला करड्या रंगात सगळं दिसायचं. पापण्या किती वेळ मिटल्या, मान किती अंशात वळली, हात कानाशी गेला का, पट्टा आहे का, हे मशीन मोजत राहतं. काही खटकलं की केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि आधीचे-नंतरचे काही सेकंद कापून सिमकार्डावरून ऑफिसात येतात. मी ती क्लिप बघायची, खरी की खोटी ठरवायची, शेरा लिहायचा, प्रकार गंभीर असेल तर फोन लावायचा. महिनाअखेरीला या सगळ्याचा मिळून ड्रायव्हरचा 'स्कोअर' लागायचा आणि स्कोअरवर बक्षीस.

मशीनला काय काय कळत नाही, याची यादी करायची तर रात्र पुरणार नाही. जांभई आणि गाणं यांतला फरक कळत नाही. एक काका तोंड वासून लांब 'आ' लावायचे. आवाज आमच्याकडं येत नसे, पण मान ज्या ठेक्यात हलायची त्यावरून अभंग असावा असा माझा अंदाज. मशीनच्या मते ते जन्माचे पेंगुळलेले. जुन्या हायवेनं बोरघाट चढणारा माणूस शिंग्रोबाच्या देवळापाशी हात जोडणारच. ज्या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा सांगतात, त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढं जायची कुणाची छाती नाही. आमच्याकडं त्याची नोंद 'दोन्ही हात स्टिअरिंगवर नाहीत'. दसऱ्याला तर कहरच. सकाळपासून 'लेन्स झाकली' असे अलर्ट धडाधड यायला लागले. शिफ्टचा साहेब घाबरला, त्याला वाटलं ड्रायव्हर लोकांनी ठरवून बंड केलं. क्लिपा उघडून बघितल्या तर झेंडूच्या माळा! गाडीची पूजा करताना कुणी कॅमेऱ्यालाही हळदकुंकू लावलेलं, एकाच्या भिंगावर तर कुंकवाचं बोट बरोबर मध्यभागी. ज्याचा राग यायला पाहिजे त्याचीसुद्धा पूजा करून मोकळं होणारी माणसं ही.

तंबाखू मळणं मात्र मशीन बरोबर पकडायचं. त्याबाबत मी कुणाचीही बाजू घेणार नाही.

हसण्यासारखं एवढंच. उन्हाळ्यात इंजिनच्या उष्णतेनं केबिन तापून भट्टी होते, माणूस बनियनवर असतो किंवा तेही नाही, खाली लुंगी. गाडी बाजूला घेऊन तो आडवा होतो, कपडे बदलतो, घरी व्हिडिओ कॉल लावून पोरीशी बोलतो. काही डब्या इंजिन बंद झालं तरी थोडा वेळ चालू राहायच्या, काहींना चोरी पकडण्यासाठी पार्किंगमध्येही जागं ठेवलेलं असायचं. म्हणजे बाईमाणूस म्हणून मला जे बघायचं नव्हतं आणि त्या माणसाला जे दाखवायचं नव्हतं, ते दोन्ही एका खिडकीत समोर यायचं. मी खिडकी बंद करायचे. पण सिस्टीममध्ये 'बघितली' अशी खूण केल्याशिवाय क्लिप पुढं सरकत नाही, म्हणून उघडावी तर लागायचीच.

ट्रक नवा घेतला तर केबिनला एसी हवाच, हा नियम केंद्रानं लागू केला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना. आमच्या गाड्यांत कॅमेरा त्याच्या कितीतरी आधी आला होता. माणसाला घाम येतो का हे बघायच्या आधी तो डोळे मिटतो का हे बघायची सोय झाली, हा क्रम मला अजून खटकतो.

एकदा सगळ्या ड्रायव्हरांना यार्डात 'ट्रेनिंग'ला बोलावलं, तेव्हा ही स्क्रीनवरची तोंडं मी पहिल्यांदा उन्हात पाहिली. मी कोण ते त्यांना सांगितल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले. मग पाथर्डीकडचे एक काका म्हणाले, "ताई, आम्हाला वाटायचं तिकडं काँप्युटरच बघतोय. बाईमाणूस बसतंय हे कुणी सांगितलंच नाही. लुंगी तरी नीट नेसली असती." लोक हसले, मीही हसले. काका हसले नाहीत.

ट्रेनिंगचा कार्यक्रम म्हणजे साहेबानं प्रोजेक्टरवर क्लिपा दाखवून कोण कसं चुकलं ते सांगणं. खरं बोलणं झालं नंतर, चहाच्या टपरीशी. मी समजत होते की सगळेच कॅमेऱ्यावर चिडलेले असतील. तसं नव्हतं.

बाहेरच्या भिंगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, उलट कौतुक. एकानं सांगितलं, मोटारसायकलवाला उलट्या बाजूनं येऊन धडकला, गर्दी जमली, मारायलाच निघाली होती. चूक कुणाची हे विचारायची पद्धत नाही. मोठ्या गाडीवाल्याची, संपलं. क्लिपमुळं ठाण्यात निदान ऐकून तरी घेतलं. जानेवारी २०२४ चा संप आठवतो का, असं त्यांतल्या एका टँकरवाल्यानं मला विचारलं. नव्या न्याय संहितेत कलम १०६(२) आलं होतं: बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकर उभे राहिले आणि दोन दिवसांत राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढं सरकारनं ते कलम लागू करणं थांबवून ठेवलं. "आम्ही पळतो ते कायद्याला भिऊन नाही, पब्लिकला भिऊन," तो म्हणाला. "साक्षीला कॅमेरा असला तर मी थांबेन. पण ती क्लिप माझ्याकडं कुठं असते? मालकाकडं असते. मालकाला गाडी सोडवायची घाई, माझी नाही." काही जणांनी तर स्वतःच्या पैशानं साधा डॅशकॅम घेऊन काचेला लावला होता. कंपनीचा एक आणि आपला एक.

आतल्या भिंगाबद्दल मतं वेगवेगळी होती. तिशीतल्या एकानं मोकळेपणानं सांगितलं, भोंगा वाजतो ते बरंच आहे, "क्लीनर तर माझ्या आधी झोपायचा." त्याला विरोध करत दुसरा म्हणाला, क्लीनर झोपला तर आपल्याला कळायचं, हा झोपत नाही आणि बोलतही नाही. पाथर्डीच्या काकांना बघण्याचं दुःख नव्हतं. आरटीओ बघतो, टोलवाला बघतो, मालकाचा माणूस डिझेल टाकीत काठी घालून बघतो, आयुष्य सगळं कुणाच्या तरी नजरेखाली गेलेलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. बघणारा शेजारी बसलेला असला तर त्यालाही ऊन लागतं, त्यालाही भूक लागते, रस्ता का तुंबलाय ते त्यालाही दिसतं. हा मात्र नुसतं तोंड बघतो.

हे ऐकल्यावर मला आमच्या खोलीतलं शेजारचं टेबल आठवलं. त्या टेबलावरचा मुलगा 'ट्रिप' सांभाळायचा. गाडी कुठं आहे, कधी पोचेल, उशीर झाला तर गिऱ्हाइकाचा दंड किती. एका रात्री माझ्याकडं एका गाडीचा थकव्याचा अलर्ट आला, पाठोपाठ दुसरा. दोन्ही खरे. मी फोन लावून सांगितलं, दादा, गाडी बाजूला घ्या, अर्धा तास पडा. ते बरं म्हणाले, गाडी थांबली. नकाशावर ठिपका थांबलेला बघून शेजारच्या मुलानं त्याच नंबरवर फोन लावला: "गाडी का थांबवली? सकाळी सहाला गेटवर पाहिजे." एकाच खोलीतून, एकाच कंपनीच्या नावानं, पाच मिनिटांच्या अंतरानं. ठिपका पुन्हा हलायला लागला. पोरगा वाईट नव्हता, त्याचाही स्कोअर होता, वेळेवर पोचलेल्या गाड्यांचा. माझ्या नोंदीत ड्रायव्हरनं 'सूचना देऊनही विश्रांती घेतली नाही' असं पडलं, आणि ते खोडायची सोय सिस्टीममध्ये नव्हती.

त्याच गाडीचा आदला दिवस मी नंतर मुद्दाम काढून पाहिला. सकाळी आठला ती एका कारखान्याच्या गेटवर नंबर लावून उभी. आत घ्यायला दुपार, माल भरायला संध्याकाळ, कागद मिळायला रात्र. मधे दर तासा-दोन तासांनी रांग सरकली की गाडी चार हात पुढं घ्यायची, म्हणजे झोप म्हणावी अशी झोप नाही. संडासाची सोय नाही, सावली असलीच तर दुसऱ्या ट्रकची. पण इंजिन बंद होतं. कॅमेऱ्याच्या लेखी त्या माणसाचा दिवस रात्री दहाला सुरू झाला, ताजातवाना! पहाटे तीनला त्याची मान पडली, तर दोष त्याचा.

आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, लांब पल्ल्याला सवलत दिली तरी दहा तासांच्या वर नाही, हे मोटार वाहतूक कामगार कायद्यानं १९६१ सालीच लिहून ठेवलं होतं. पापणी मोजणारं यंत्र यायच्या कितीतरी आधी. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि गाड्यांना झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत, असं म्हटलं. दोन्ही गोष्टी एकत्र म्हटल्या होत्या. आमच्या गाड्यांत त्यांतली दुसरी तेवढी आली. ती विकत मिळते, काचेला चिकटवता येते. पहिलीसाठी गेटवरचा गोंधळ आवरावा लागतो, भाड्याचा दर वाढवावा लागतो, कदाचित त्या डाव्या सीटवर परत कुणाला तरी बसवावं लागतं.

नवले पुलाचं उदाहरण पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये कात्रजच्या बोगद्याकडून उतारानं आलेल्या एका ट्रकनं तिथं डझनावारी गाड्या चेपल्या. आधी ब्रेक फेल म्हणाले, मग तपासात पुढं आलं की उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली होती. अशा वेळी सगळे ड्रायव्हरला शिव्या घालतात, आणि न्यूट्रलवर उतरणं हा जीवघेणा मूर्खपणा आहेच. हवेचे ब्रेक सारखे दाबून तापतात, हवा संपते, मग देवसुद्धा थांबवू शकत नाही. पण न्यूट्रल कशासाठी? डिझेल वाचवायला. बऱ्याच ठिकाणी ट्रिपला डिझेल बांधून दिलेलं असतं, वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्या खिशातून. टपरीवरचे लोक ते लपवत नव्हते. "अॅव्हरेज मागणारा आणि न्यूट्रलला दंड लावणारा मालक एकच," असं एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

अमेरिकेतल्या ड्रायव्हरांचं मत यापेक्षा फार वेगळं नाही, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. तिथल्या ट्रकिंग संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये, असा कॅमेरा ज्यांच्या गाडीत आधीपासून आहे अशा चालकांना शून्य ते दहा गुण द्यायला सांगितले, तर सरासरी आली २.२४. तिथं ड्रायव्हिंगचे तास घट्ट बांधलेले, अकरा तासांच्या वर एरवी एक मिनिट नाही, ते मोजायला इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं. तरीही माणूस म्हणतो, माझ्या तोंडाकडं बघू नका. इलिनॉय राज्यात तर चेहऱ्याची मापं लेखी संमतीशिवाय घेऊ नयेत असा २००८ चा कायदा आहे, त्याच्या आधारानं ट्रकचालकांनी कॅमेरा कंपन्यांना कोर्टात खेचलं. आपल्याकडं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे. पाथर्डीचे काका ती वाट रोज चालतात.

एवढं सगळं लिहून मी कॅमेरा काढून टाका म्हणणार असं वाटलं असेल, तर तसं नाही. समृद्धी महामार्गावरची एक क्लिप डोळ्यापुढून जात नाही. ७०१ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता, ना वळण ना गाव ना टपरी. माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो असं ड्रायव्हर सांगतात. क्लिपमधल्या माणसाचे डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, चेहरा अगदी शांत, घरी झोपल्यासारखा. बाहेरच्या भिंगात पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे मोठे मोठे होत चाललेले. मग भोंगा वाजला असणार, कारण तो दचकला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, दिवे बाजूला सरकले. क्लिप संपली. मी फोन केला तर म्हणाले, "हो मॅडम, डुलकी लागली होती. घरी सांगू नका." घरी सांगायचा नंबर माझ्याकडं नव्हताही.

म्हणून भोंगा राहू दे. भोंगा त्याच्यासाठी आहे, त्याच्या केबिनमध्ये वाजतो, तिथंच संपतो. माझं भांडण त्या कापून ऑफिसात येणाऱ्या तुकड्याशी आहे, ज्यात गेट नाही, शेजारच्या टेबलावरचा फोन नाही, रिकामी सीट नाही. अपघात झाला, तक्रार आली, तर तुकडा काढा, आणि त्याची प्रत आधी ड्रायव्हरच्या मोबाईलवर जाऊ दे. इंजिन बंद तर आतलं भिंग बंद, आणि ते बंद झालंय हे त्याला दिसेल असा एखादा दिवा. यात अवघड काही नाही; डबी बनवणाऱ्याला हे आजही जमतं, मागणारा पाहिजे.

त्या ट्रेनिंगच्या शेवटी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. दोन पानी, इंग्रजीतला. खाली 'मला मान्य आहे' या अर्थाची ओळ आणि सहीची जागा. रांग लावून सह्या चालल्या होत्या. पाथर्डीच्या काकांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडून पेन मागून घेऊन सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहिलं, 'गाडी उभी असताना झोपायच्या वेळी कॅमेऱ्यावर फडकं टाकीन', आणि त्याखाली ठळक सही केली. साहेबानं गठ्ठा न वाचता फाइलला लावला. त्यानंतर त्यांच्या गाडीचा 'लेन्स झाकली' हा अलर्ट रोज रात्री यायचा, कधी अकराला, कधी दोनला. शेऱ्याच्या रकान्यात मी 'करारानुसार' लिहायचे आणि पुढची क्लिप उघडायचे.